बर्फ ठरवेल तो मार्ग

नॉर्वेची हवामान संस्था कामाच्या प्रत्येक दिवशी एक नकाशा प्रसिद्ध करते. त्यात ना रस्ते, ना गावं, नुसते रंग. निळा म्हणजे मोकळं पाणी, हिरवा म्हणजे विरळ तरंगता बर्फ, पिवळा आणि नारिंगी म्हणजे त्याहून दाट, लाल म्हणजे पाणी जवळजवळ दिसूच नये इतका गच्च आणि करडा म्हणजे किनाऱ्याला घट्ट धरून बसलेला. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या पाण्यात फिरणाऱ्या लहान जहाजांवर या नकाशाचा मान वेळापत्रकापेक्षा मोठा असतो. काल जायचं ठरलेली सामुद्रधुनी आज लाल दिसली, की जहाज दुसरीकडे वळतं. प्रवाशांच्या हातात ‘पहिला दिवस अमुक, दुसरा दिवस तमुक’ असा छापील कागद असला, तरी तो अंदाजापुरता.

आर्क्टिकच्या सफरींच्या जाहिरातींत ध्रुवीय अस्वलाचं छायाचित्र हमखास असतं. ते स्वाभाविकच आहे. पण त्या चित्रात अस्वलाच्या पायाखाली जे असतं, त्याकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. इथला सारा प्राणिजीवनाचा डोलारा त्या बर्फावर उभा आहे. म्हणून आर्क्टिकमधले प्राणी पाहायचे, तर आधी बर्फ ओळखायला हवा. लहान जहाजाची सफर त्यासाठी योग्य का, आणि तिला मर्यादा का हव्यात, हेही त्यातूनच कळतं.

उबदार प्रवाहाची कृपा

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या अखत्यारीतला द्वीपसमूह ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली. स्पिट्सबर्गन हे सर्वांत मोठं बेट. त्यावरचं लाँगइयरब्येन हे मुख्य गाव अडीच हजार वस्तीचं. तिथून उत्तर ध्रुव सुमारे १,३०० किलोमीटर, तर ओस्लो सुमारे २,००० किलोमीटर.

इतक्या उत्तरेला साध्या जहाजानं जाता येतं, याचं श्रेय एका सागरी प्रवाहाला आहे. अटलांटिकचं तुलनेनं उबदार पाणी नॉर्वेच्या किनाऱ्यालगत वर सरकत स्पिट्सबर्गनच्या पश्चिम बाजूपर्यंत पोचतं. त्यामुळे हा किनारा उन्हाळ्यात मोकळा असतो, कित्येकदा हिवाळ्यातही. याच अक्षांशावर ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत मात्र दाट बर्फ वाट अडवून असतो. स्वालबार्डच्या पूर्व बाजूला उत्तरेकडून थंड पाणी आणि त्याबरोबर बर्फ येतो. म्हणजे एकाच द्वीपसमूहाला दोन स्वभाव आहेत. पश्चिमेला फ्योर्ड (डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्या), फुलं, रेनडिअर. पूर्वेला आणि उत्तरेला बर्फ, धुकं आणि अस्वलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लाँगइयरब्येनमध्ये सूर्य मावळत नाही. सफरींचा हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. जूनमध्ये डोंगरांवर आणि आतल्या फ्योर्डांत बर्फ टिकून असतो. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फाची कड उत्तरेला सरकते आणि नशीब साथ देईल त्या वर्षी स्पिट्सबर्गनला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. सप्टेंबरमध्ये रात्र परतते आणि टुंड्रा तांबूस होतो.

जहाज लहान कशासाठी?

निसर्ग पाहण्यासाठी लहान जहाजानं दूरच्या ध्रुवीय प्रदेशात जायचं, सोबत जीवशास्त्रज्ञ आणि भूगर्भशास्त्रज्ञ न्यायचे, संध्याकाळी त्यांची व्याख्यानं ठेवायची, हा प्रघात लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी रुजवला. १९६६ मध्ये त्यांनी सामान्य प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये खास अशाच सफरींसाठी बांधलेलं जहाज पाण्यात उतरवलं. आज स्वालबार्डमध्ये बारा प्रवाशांच्या छोट्या नौकांपासून शंभर-दीडशे प्रवाशांच्या जहाजांपर्यंत अनेक प्रकार दिसतात. बारा हा आकडा योगायोगाचा नाही. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार बाराहून अधिक प्रवासी नेणारं जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि त्याला वेगळे, कडक नियम लागू होतात.

स्वालबार्डमध्ये वस्त्या सोडल्या तर धक्का असा नसतोच. जहाज नांगर टाकून उभं राहतं आणि दहा-बारा माणसांच्या रबरी होड्यांतून प्रवासी किनाऱ्यावर जातात. लोक मोजके असले, की सगळे एकाच वेळी उतरू शकतात आणि अस्वल दिसलं तर काही मिनिटांत परतू शकतात. पाचशे माणसांना पाळीपाळीनं उतरवायचं, तर दिवस रांगेतच जातो. शिवाय अरुंद, उथळ आणि नीट मोजमाप न झालेल्या खाड्यांत मोठं जहाज शिरू शकत नाही.

गैरसोयीही आहेत. लहान जहाज जास्त हेलकावतं, खोल्या आटोपशीर असतात, धुकं पडलं तर दिवसभर काहीच दिसत नाही. धुकं विरलं, की मार्गदर्शक सुकाणूघरात दुर्बिणीनं क्षितिज चाळत राहतात. पिवळसर ठिपका दिसला तर ते अस्वल असू शकतं, कारण निखळ पांढऱ्या बर्फासमोर त्याचे केस फिकट पिवळे दिसतात.

खारं पाणी गोठतं तेव्हा

आर्क्टिकमध्ये डोळ्यांना दिसणारा बर्फ दोन घराण्यांचा असतो. एक समुद्राचा, दुसरा हिमनदीचा.

समुद्राचं पाणी खारं असल्यामुळे शून्याला नव्हे, तर उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. आधी पृष्ठभागावर बारीक स्फटिकांचा तेलकट दिसणारा थर येतो. लाटांच्या हालचालीत त्याच्या काठ उंचावलेल्या गोल चकत्या होतात. त्या एकमेकींना चिकटत सलग चादर बनते. एका हिवाळ्यात ती एक ते दोन मीटर जाड होऊ शकते. गोठताना मीठ स्फटिकात मावत नाही, ते बाहेर टाकलं जातं. काही अतिखारं पाणी बर्फातच बारीक नळ्यांमध्ये अडकून राहतं आणि त्या नळ्यांत जीवन सुरू होतं.

वसंतात सूर्य परतला, की या नळ्यांत आणि बर्फाच्या तळाशी सूक्ष्म शैवाल वाढू लागतं. बर्फाचा खालचा पृष्ठभाग तपकिरी होतो. हे उलटं टांगलेलं कुरणच. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे, चरबीनं भरलेले कवचधारी प्लवक चरतात. प्लवकांवर ध्रुवीय कॉड हा वीतभर मासा जगतो. त्याच्या रक्तातली विशिष्ट प्रथिनं त्याला गोठू देत नाहीत. कॉडवर सील जगतात आणि सीलवर अस्वल. पुढे बर्फ वितळू लागला, की त्याचं गोडं पाणी वर तरंगतं, प्रकाश भरपूर असतो, आणि बर्फाच्या कडेलगतच्या पाण्यात वनस्पती-प्लवकांचा बहर येतो. लहान जहाजं बर्फाच्या कडेकडेनं का फिरतात, याचं उत्तर इथे आहे. जेवण तिथे असतं, म्हणून जेवणारेही तिथेच असतात.

अस्वलाचं गणित

ध्रुवीय अस्वलाचं मुख्य भक्ष्य रिंग्ड सील. हा सील गोठलेल्या समुद्रात श्वास घेण्यासाठी बर्फात भोकं राखतो. पुढच्या पंजांच्या नखांनी खरवडून तो ती हिवाळाभर उघडी ठेवतो. वसंतात मादी बर्फावर साठलेल्या हिमात खोली करून तिथे पिल्लाला जन्म देते. अस्वल अशा भोकाशी तासन्‌तास स्तब्ध थांबतं किंवा हिमाखालच्या खोलीचा वास घेत छप्पर फोडतं. त्याला सर्वाधिक हवी असते सीलची चरबी. वसंत आणि उन्हाळ्याची सुरुवात या दिवसांतली शिकार त्याला पुढच्या उपासाच्या महिन्यांत पुरवावी लागते.

पाण्यात पोहणाऱ्या सीलपुढे अस्वलाचं फारसं चालत नाही. शिकारीला पायाखाली बर्फ हवा, तोही उथळ समुद्रावरचा, कारण सील तिथे जास्त असतात. बर्फाची कड उत्तरेच्या खोल महासागरावर सरकली, की काही अस्वलं तिच्यामागे जातात, काही बेटांवर थांबतात. थांबलेली अस्वलं किनाऱ्यावर आलेल्या मेलेल्या देवमाशांवर, पक्ष्यांच्या अंड्यांवर, कधी रेनडिअरवर गुजराण करतात. गाभण माद्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पूर्वेच्या होपेन बेटावर शरद ऋतूत बर्फ उशिरा पोचला, की त्या हिवाळ्यात तिथे पिल्लांसाठी गुहा करणाऱ्या माद्या कमी आढळतात. त्या बेटावर बर्फावरूनच यावं लागतं.

‘स्वालबार्डमध्ये माणसांपेक्षा अस्वलं जास्त’ हे वाक्य पर्यटकांना वारंवार ऐकवलं जातं. पण २००४ च्या गणनेतला सुमारे २,६५० हा आकडा नॉर्वे आणि रशिया यांच्या दरम्यानच्या संपूर्ण बॅरेंट्स समुद्रातल्या अस्वलांचा होता. वर्षभर स्वालबार्डच्या बेटांवरच राहणारी अस्वलं तीनेकशे आहेत. एक अस्वल दिसणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे या आकड्यावरून कळावं.

कडे आणि किनारे

बर्फाइतकंच भान हरपवणारं दृश्य पक्ष्यांच्या कड्यांवर असतं. स्पिट्सबर्गन आणि नॉर्डऑस्टलँडेट या बेटांमधल्या हिनलोपेन सामुद्रधुनीत आल्केफ्येलेट नावाचा काळ्या खडकाच्या स्तंभांचा कडा आहे. त्याच्या अरुंद कपारींवर ब्रूनिखचे गिलेमॉट पक्षी दाटीवाटीनं उभे असतात. सुमारे साठ हजार जोड्या. घरटं नाही, उघड्या दगडावर एकच अंडं. हा पक्षी मासे धरायला पाण्यात शंभर मीटरहून खोल बुडी मारतो. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, की धड उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्राकडे झेप घेतं. खाली नर त्याची वाट पाहत असतो. पुढचे काही आठवडे तोच त्याला समुद्रात सांभाळतो. जी पिल्लं पाण्याऐवजी जमिनीवर पडतात, त्यांची वाट कोल्हे पाहत असतात.

आर्क्टिक टर्न हा हाताच्या पंजात मावेल एवढ्या वजनाचा पक्षी इथे उन्हाळ्यात अंडी घालतो आणि मग अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्याला गाठायला निघतो. ग्रीनलंडमध्ये अशा पक्ष्यांच्या पायांना नोंदयंत्रं बांधून केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा वर्षाचा प्रवास सरासरी सत्तर हजार किलोमीटर भरला.

वाळूच्या उथळ किनाऱ्यांवर वॉलरसचे कळप लोळत असतात. नराचं वजन दीड टनापर्यंत जातं. समुद्रतळावरचे शिंपले तो मिशांच्या शेकडो जाड केसांनी चाचपडून शोधतो आणि त्यांतलं मांस चोखून घेतो. गार पाण्यातून वर आलेला वॉलरस फिकट दिसतो, कारण कातडीतला रक्तपुरवठा त्यानं आवळलेला असतो. ऊन लागलं की तो गुलाबी होतो.

हिमनदीचा निळा

हिमनदीचा बर्फ हिमवर्षावापासून बनतो. वर्षानुवर्षांचे थर एकमेकांवर चढतात, दाबानं बरीचशी हवा निघून जाते आणि घट्ट, स्फटिकी बर्फ उरतो. हा बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो, निळा आरपार जाऊ देतो. म्हणून ताज्या तुटलेल्या हिमकड्याची निळाई इतकी गडद. त्यात अडकलेल्या हवेचे दाबलेले बुडबुडे बर्फ वितळताना फुटतात आणि फ्योर्डभर तडतड ऐकू येते.

नॉर्डऑस्टलँडेट बेटावरची ऑस्टफोना ही हिमटोपी सुमारे ८,००० चौरस किलोमीटरची आहे. तिची समुद्रात उतरणारी भिंत सुमारे १८० किलोमीटर सलग जाते आणि उन्हाळ्यात तिच्या माथ्यावरून वितळलेल्या पाण्याचे धबधबे कोसळतात. हिमनदीच्या तोंडाशी कडा तुटून पडतो तेव्हा लाट उसळते, म्हणून होड्या दोनशे मीटर किंवा त्याहून लांब ठेवतात. तिथेच किटिवेक पक्षी घिरट्या घालताना दिसतात. हिमनदीच्या तळाशी वाहणारं गोडं पाणी समुद्रात शिरून वर उसळतं आणि सोबत प्लवकांना पृष्ठभागावर आणतं. पक्ष्यांना ते आयतंच मिळतं.

या दोन बर्फांमधला फरक आपल्या किनाऱ्यांसाठीही महत्त्वाचा आहे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्यानं पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही. हिमनदीचा वितळल्यानं वाढते. पण पांढरा समुद्री बर्फ ऊन परतवून लावतो आणि तो गेला की काळं पाणी तेच ऊन शोषून घेतं. सप्टेंबरमध्ये आर्क्टिकचा बर्फ वर्षातल्या नीचांकावर असतो. १९८१ ते २०१० या काळात या नीचांकाची सरासरी सुमारे ६२ लाख चौरस किलोमीटर होती. २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापतो आहे.

आधी आलेली माणसं

१५९६ मध्ये विलेम बॅरेंट्स या डच नाविकानं स्पिट्सबर्गन पाहिल्याची नोंद केली. त्यानंतर काही वर्षांतच देवमाशांचे शिकारी आले. सतराव्या शतकात डचांनी ॲम्स्टरडॅम बेटावर स्मीरेनबर्ग इथे चरबी वितळवण्याच्या भट्ट्या उभारल्या. चरबीचे थर जमून दगडासारखे झालेले त्यांचे अवशेष आजही किनाऱ्यावर आहेत. बोहेड देवमासा या पाण्यातून जवळपास नाहीसा झाला. मग पाळी आली वॉलरसची. १९५२ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा मोजकेच उरले होते. आज ते पुन्हा हजारोंच्या संख्येत आहेत. अस्वलाची शिकार १९७३ मध्ये थांबली. सोडून दिलं तर प्राणी परततात, हे वॉलरसनं दाखवून दिलं आहे.

पर्यटक बंदूक घेऊन येत नाही, पण त्याचाही भार पडतो. २०१८ च्या जुलैमध्ये उत्तरेच्या एका बेटावर जहाजातले पहारेकरी प्रवाशांआधी पाहणीला उतरले, तेव्हा अस्वलानं त्यांच्यापैकी एकावर हल्ला केला. त्याला वाचवताना अस्वल मारलं गेलं. दुसरा भार अगदी सूक्ष्म आहे. लाँगइयरब्येनच्या विमानतळावर प्रवाशांचे बूट तपासले, तेव्हा माणशी सरासरी चार बिया सापडल्या आणि त्यातल्या चौथाईच्या आसपास तिथल्या तापमानात रुजू शकणाऱ्या निघाल्या. म्हणून उतरण्याआधी बूट धुणं आणि खिसे झटकणं हा सफरीचा भाग असतो.

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डचे नियम अधिक कडक झाले. संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून अधिक प्रवाशांचं जहाज नेता येत नाही आणि तिथे उतरण्यासाठी ४३ जागाच ठरवून दिल्या आहेत. अस्वलापासून निदान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर दूर राहावं लागतं. अस्वल त्याहून जवळ असल्याचं लक्षात आलं, तर मागे हटायचं. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ जहाजानं फोडायचा नाही. या अंतरांवरून अस्वल दुर्बिणीतही छोटंच दिसतं, अशी तक्रार काही जण करतात. पण मार्च ते जून हा काळ पिल्लांना घेऊन निघालेल्या मादीचा आणि शिकारीचा आहे. जहाजाकडे पाहत उभं राहिलेलं अस्वल तेवढा वेळ शिकार करत नसतं.

गोव्याशी जुळलेला धागा

पश्चिम किनाऱ्यावर कोंग्सफ्योर्डमध्ये ७९ अंशांच्या जरा अलीकडे न्यी-ओलेसुंड ही संशोधकांची वस्ती आहे. इथूनच १९२६ मध्ये रोआल्ड आमुंडसेन ‘नोर्गे’ या हवाई जहाजानं ध्रुवाकडे निघाले. ते जहाज बांधून ठेवण्याचा मनोरा अजून उभा आहे. याच वस्तीत १ जुलै २००८ रोजी भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झालं. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या फ्योर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही निरीक्षणयंत्रणा सोडली. अटलांटिकचं उबदार पाणी आत किती शिरतं, याच्या नोंदी तिनं घेतल्या. आर्क्टिकमधल्या बदलांचा आपल्या मान्सूनशी कसा संबंध लागतो, हाही भारतीय संशोधनाचा विषय आहे. भारताचं इथलं नातं मात्र याहून जुनं. या बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या १९२० च्या करारावर ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं भारताच्या वतीनंही सही झाली होती. न्यी-ओलेसुंडला थांबलेल्या प्रवाशांना फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथली उपकरणं अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपत असतात.

जायचं ठरवलं तर

स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ओस्लोमार्गे जाऊन त्याच वाटेनं परतायचं, तर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा देणारा शेंगेन व्हिसा लागतो. आर्थिक खर्च मोठा आहेच, पण दुसराही एक हिशेब आहे. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरमधला सुमारे तीन चौरस मीटर समुद्री बर्फ नाहीसा होतो. मुंबईहून तिथवर जाऊन येण्याचं प्रदूषण टनांतच मोजावं लागतं. म्हणजे बर्फ पाहायला जाणारा प्रत्येक जण काही चौरस मीटर बर्फ खर्च करूनच तिथे पोचतो.

हे माहीत असूनही जावंसं वाटणं गैर नाही. बर्फाची कड डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्याविषयी वेगळ्या तळमळीनं बोलतो, यावर माझा विश्वास आहे. पण जायचं तर एकदाच, पुरेसे दिवस काढून आणि नीट चौकशी करून जावं. जहाजावर प्रवासी किती? दर मार्गदर्शकामागे माणसं किती? इंधन कोणतं? बर्फानं वाट अडवली तर पर्यायी बेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचं, अस्वलापासून तुम्ही आम्हाला किती लांब ठेवणार? या शेवटच्या प्रश्नाला जी कंपनी नेमकं, न अडखळता उत्तर देते तिच्यासोबत जावं. जी अस्वल दाखवण्याची हमी देते, तिचं तिकीट काढू नये.